किती सीसीचे इंजेक्टर? टर्बो इंजिनाचा हिशेब, नागपूरच्या उन्हात आणि ई-२० पेट्रोलवर

टर्बो इंजिन बांधायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, किती सीसीचे इंजेक्टर टाकू?" (म्हणजे मिनिटाला किती सीसी इंधन फवारणारे.) आणि समोरचाही आकडा सांगून मोकळा होतो. ५५०. ७५०. जोरात असला तर १०००. तो आकडा कुठून आला, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. खरं तर हा प्रश्न शेवटून दुसरा आहे. त्याआधीचे प्रश्न सोडवले की इंजेक्टरचा आकडा आपोआप निघतो, आणि त्यासाठी भागाकार-गुणाकारापलीकडचं गणित लागत नाही.

आधी एक मूळ गोष्ट. पेट्रोल जाळून ताकद मिळते हे खरं, पण किती पेट्रोल जळू शकेल हे हवा ठरवते. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढता येईल तेवढीच घेतं. टर्बो ती दाबून आत भरतो. इंजेक्टरचं काम त्या हवेला पुरेल इतकं इंधन देणं, एवढंच. म्हणून नुसता मोठा इंजेक्टर लावून एक हॉर्सपॉवरही वाढत नाही. उलट बूस्ट (टर्बोनं भरलेल्या हवेचा जादा दाब) वाढवला आणि इंजेक्टर लहान राहिला, तर मिश्रणात इंधन कमी पडतं, सिलिंडरमधली उष्णता चढते, इंजिन नॉक करायला लागतं (मिश्रण आपोआप भडकून आत ठोके बसतात) आणि पिस्टनच्या रिंगांमधला धातू तुटून बाहेर येतो. "टर्बोनं इंजिन उडवलं" असं नंतर सांगितलं जातं. बहुतेक वेळा ते इंधनाच्या तुटवड्यानं उडालेलं असतं.

उदाहरणाला फियाट लिनिया टी-जेट घेऊ. १३६८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, कंपनीची ताकद ११४ पीएस. जुनी झाली तरी आपल्याकडच्या हौशी मंडळींत तिला मान आहे, आणि शिकायला ती सोपी आहे, कारण तिचे इंजेक्टर इनटेकच्या नळीत बसतात, थेट सिलिंडरमध्ये नाही. उद्दिष्ट धरू १८० हॉर्सपॉवर. हा आकडा हवेतला नाही: अबार्थ ५९५ कॉम्पेटिझिओने या गाडीत कंपनीनंच याच घराण्यातल्या इंजिनातून १८० काढले, गॅरेटचा मोठा टर्बो लावून. फक्त ती गाडी युरोपच्या हवेसाठी बनली होती. आपल्याला वर्धा रोडवर मे महिन्यात चालवायची आहे.

हवा किती, आणि किती तापलेली

टर्बोवाल्यांचा एक ढोबळ नियम आहे: मिनिटाला एक पौंड हवा म्हणजे दहा हॉर्सपॉवर. १८० साठी १८ पौंड, म्हणजे मिनिटाला ८.२ किलो हवा.

आता इंजिन किती हवा गिळतं ते बघू. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० वेळा, म्हणजे ४१०४ लिटर. सिलिंडर शंभर टक्के भरत नाही. ९० टक्के धरले तर ३७०० लिटर, अर्थात ३.७ घनमीटर. एवढ्या जागेत ८.२ किलो हवा कोंबायची तर दर घनमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास हवा लागते. मोकळ्या हवेत घनमीटरला साधारण १.१ ते १.२ किलोच असते. हा फरक टर्बोनं भरून काढायचा.

नागपूर आडवं येतं ते इथे. हवा दाबली की तापते, सायकलचा पंप मारणाऱ्याला हे माहीत आहे. ४५ अंशांची हवा दुप्पट दाबापर्यंत नेली, आणि टर्बोचा कॉम्प्रेसर त्या ठिकाणी ७० टक्के कार्यक्षम असला, तर बाहेर पडणारी हवा १४५ अंशांच्या आसपास असते. हाच हिशेब २५ अंशांच्या डिसेंबरातल्या दुपारी केला तर ११८ येतात. मध्ये इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर, लागतो. तो टर्बोनं वाढवलेल्या तापमानातला ७० टक्के भाग काढून टाकतो असं धरा: डिसेंबरात इंजिनात ५३ अंशांची हवा जाते, मे महिन्यात ७५ अंशांची. आपल्या घरातला कूलर बाहेरच्यापेक्षा थंड हवा देतो, कारण त्याच्या जाळीतलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. इंटरकूलरला ती सोय नाही. बाहेर ४५ असेल तर तो कितीही मोठा असो, हवा ४५ च्या खाली जाणार नाही.

तापलेली हवा विरळ असते. म्हणून तेच १८० हॉर्सपॉवर डिसेंबरात १.१ बार बूस्टमध्ये मिळतात, आणि मे महिन्यात त्यासाठी सव्वा बारच्या जवळ जावं लागतं. बूस्ट वाढवला की हवा आणखी तापते, नॉकिंगचा धोका आणखी वाढतो. ट्यूनर जर शहाणा असेल तर तो मे महिन्यात १८० चा हट्ट धरणार नाही; इनटेकच्या तापमानाप्रमाणे बूस्ट आणि इग्निशन टायमिंग आपोआप मागे घेणारा नकाशा ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) घालेल. पुण्या-बंगळुरूच्या गाडीची तयार फाइल जशीच्या तशी इथे टाकू नये ती यासाठीच.

टर्बोची निवडही याच दोन आकड्यांवर होते: मिनिटाला १८ पौंड हवा आणि दाबाचं गुणोत्तर (बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब भागिले आत येणाऱ्या हवेचा) साधारण २.१ ते २.३. चांगली कंपनी प्रत्येक टर्बोचा कॉम्प्रेसर मॅप देते, म्हणजे किती हवेला आणि किती दाबाला तो किती कार्यक्षम याचा आलेख. त्यावर हा बिंदू मांडायचा. तो कार्यक्षमतेच्या मधल्या पट्ट्यात पडला तर उत्तम. उजव्या कडेला गेला तर टर्बो लहान आहे, नुसती गरम हवा फेकेल. मग ३००० आरपीएमचा बिंदूही मांडून बघायचा. तो डाव्या रेषेच्या पलीकडे गेला तर टर्बो मोठा आहे, कमी फेऱ्यांना धाप लागल्यासारखा करेल. मॅपच नसलेला स्वस्त टर्बो कितीही चकचकीत असला तरी दुकानातच राहू द्या.

आता इंजेक्टर

बूस्टवर चालणारं पेट्रोल इंजिन तासाला दर हॉर्सपॉवरमागे ०.५५ ते ०.६५ पौंड इंधन पितं. आपल्या मापात मांडलं तर दर हॉर्सपॉवरला मिनिटाला सहा सीसीहून किंचित जास्त. १८० ला गुणलं की ११०० सीसी.

त्यात ई-२० मिळवायचं. २०२५ पासून पंपावर मिळणारं साधं पेट्रोल म्हणजे बहुतेक ठिकाणी ई-२०, वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, एका किलोला नऊ किलोच, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. ई-२० साठी सात टक्के जादा धरा: ११८० सीसी. चार इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी २९५.

इथे थांबून ३०० सीसीचे इंजेक्टर मागवणारे लोक आहेत. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही. ६००० आरपीएमला दोन फेऱ्यांना २० मिलिसेकंद लागतात, आणि दर दोन फेऱ्यांत त्यानं एकदा उघडून पुन्हा बंद व्हायचं असतं. उघडा राहण्याचं प्रमाण म्हणजे ड्यूटी सायकल; ते ८० टक्क्यांच्या, फार तर ८५ च्या वर नेऊ नये. त्यापुढे झडप नीट बंद व्हायला वेळच उरत नाही, कॉइल तापते आणि किती इंधन पडलं याचा भरवसा राहत नाही. २९५ भागिले ०.८ म्हणजे ३७० सीसी. ही किमान गरज. बाजारात याच्या वरचं सहज मिळणारं माप ४४० च्या आसपास आहे. ते घेतलं तर ड्यूटी ६७ टक्क्यांवर बसते आणि पुढे थोडी जागा राहते.

उजळणी म्हणून उलटीकडून या. ८.२ किलो हवा, पूर्ण बूस्टवर लॅम्डा ०.८२ (पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या ०.८२ पट हवा, म्हणजे इंधन जरा जास्त असलेलं श्रीमंत मिश्रण, सिलिंडर थंड ठेवायला), ई-२० चं हवा-इंधन गुणोत्तर साडेतेरा धरलं तर मिनिटाला सुमारे ९८५ सीसी इंधन लागतं. पहिल्या उत्तरापेक्षा हे कमी आहे. घाबरू नका, ढोबळ नियमात सुरक्षेचं माप आधीच मिसळलेलं असतं. दोन उत्तरांपैकी मोठं घ्यायचं, आणि त्यावर पुन्हा "अजून थोडं" म्हणून दुप्पट करायचं नाही.

दुप्पट का नाही? कारण गाडी दिवसभर पूर्ण बूस्टवर चालत नाही, सिग्नलला उभी असते. करंट मिळाल्यापासून झडप प्रत्यक्ष उघडेपर्यंत एक मिलिसेकंदाच्या आसपास वेळ जातो, त्याला डेड टाइम म्हणतात. आयडलवर समजा इंजेक्टरला अडीच मिलिसेकंदांचा इशारा मिळतो. त्यातला दीड कामाचा. दुप्पट मोठ्या इंजेक्टरला कामाचा वेळ पाऊणच मिलिसेकंद लागेल. आता डेड टाइम ०.१ मिलिसेकंदानं चुकला, तर पहिल्यात इंधनाची चूक सात टक्के होते, दुसऱ्यात तेरा. आणि डेड टाइम बॅटरीच्या व्होल्टेजवर हलतो. मे महिन्यात दुपारी व्हरायटी चौकात एसी पूर्ण, रेडिएटरचा पंखा चालू, व्होल्टेज खाली आलेलं, अशा वेळी अतिमोठे इंजेक्टर लावलेली गाडी डुचमळते, बंद पडते, आणि मागचा ऑटोवाला काय बोलतो ते लिहिण्यासारखं नसतं.

म्हणून इंजेक्टर घेताना सीसीच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो त्याच्यासोबत येणारा कागद. किती दाबाला मोजलेला प्रवाह, वेगवेगळ्या व्होल्टेजला डेड टाइम किती, अगदी छोट्या इशाऱ्याला वागणूक कशी. हे आकडे ईसीयूत भरावे लागतात. ते नसतील तर ट्यूनर अंदाजानं भरतो, आणि त्या अंदाजाचे तास तुमच्या बिलात येतात. नामांकित कंपनीच्या नावानं डुप्लिकेट इंजेक्टर पुष्कळ फिरतात. चारही एका बेंचवर तपासून प्रवाह जुळल्याचा रिपोर्ट मागा. एका सिलिंडरला पाच-सात टक्के कमी इंधन मिळत असेल तर एक्झॉस्टमधला एकच लॅम्डा सेन्सर ते पकडू शकत नाही, त्याला चौघांची सरासरी दिसते. पिस्टन मात्र त्या एकाचाच जातो.

दाबाची गोष्ट बरेच जण विसरतात. ४४० सीसी हा आकडा बहुधा ३ बार दाबाला मोजलेला असतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ३ चे ४ बार केले तर ३३ टक्के नाही, १५ टक्केच वाढतो. शिवाय इंजेक्टरच्या टोकाला बूस्टचा उलटा दाब असतो. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरला मॅनिफोल्डची (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाची) नळी जोडलेली असेल तर तो बूस्टइतका दाब वाढवत नेतो आणि फरक कायम राहतो. जोडलेली नसेल, रेलमध्ये (इंजेक्टरांना इंधन वाटणाऱ्या नळीत) कायम ३.५ बार असेल आणि बूस्ट १ बार आला, तर उरतात अडीच, आणि इंजेक्टर ऐन गरजेच्या वेळी १५ टक्के कमी देतो. आपल्या गाडीत कोणती व्यवस्था आहे, हे खरेदीच्या आधी बघायचं.

तोच नियम इंधनाच्या पंपाला. ११८० सीसी म्हणजे तासाला ७१ लिटर, आणि तेही ३ अधिक सव्वा बार दाबाविरुद्ध. पंपाच्या डब्यावरचा मोठा आकडा कमी दाबाचा असू शकतो. दाब वाढला की तो उतरतो. बारीक जुन्या वायरवर पंपाला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही, तेव्हा वेगळा रिले आणि जाड वायर टाकून घ्या. उन्हाळ्यात टाकी रिकामी ठेवून फिरू नका, पंप आपल्याभोवतीच्या पेट्रोलनंच थंड राहतो.

बाकी बारकावे भराभर. रेझिस्टन्स बघा: १२ ते १६ ओहमचे इंजेक्टर साध्या ईसीयूवर चालतात, २-३ ओहमवाल्यांना वेगळा ड्रायव्हर लागतो, नाहीतर ईसीयूच जळतो. लांबी, कनेक्टर आणि ओ-रिंगचं माप जुळायला हवं. दोन इनटेक व्हॉल्व्ह असलेल्या हेडला दुभंगलेला फवारा लागतो. एकाच धारेचा इंजेक्टर मधल्या भिंतीवर पेट्रोल मारत बसतो. नळ्या आणि ओ-रिंग इथेनॉल सोसणाऱ्या हव्यात, जुनं साधं रबर फुगतं आणि भेगाळतं. इथेनॉलची जाहिरात आपल्याच शहराचे खासदार गडकरी करत असतात म्हणून नागपूरकर त्यावर दोन्ही बाजूंनी भांडतो. टर्बोवाल्यानं एक लक्षात घ्यावं: मायलेज कमी होतं हे खरं, पण इथेनॉल वाफ होताना सिलिंडरमधली हवा थंड करतं आणि नॉकिंगला जास्त दाद देत नाही. पुरेसे इंजेक्टर आणि योग्य ट्यूनिंग असेल तर उन्हाळ्यात ते सोबतीचं इंधन आहे.

हा सगळा हिशेब नळीत फवारणाऱ्या इंजिनांचा. मॅग्नाइटचं किंवा नेक्सॉनचं टर्बो पेट्रोल या गटातलं. फोक्सवॅगनचं टीएसआय, सुझुकीचं बूस्टरजेट, ह्युंदाईचं टी-जीडीआय ही इंजिनं थेट सिलिंडरमध्ये, दोनशे बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाबानं फवारतात. तिथे इंधन टाकायला पूर्ण दोन फेऱ्या मिळत नाहीत, थोडासाच वेळ मिळतो, आणि मर्यादा बहुधा उच्च दाबाच्या पंपाची असते. अशा गाडीला "मोठे इंजेक्टर टाकून दे" म्हणणारा मिस्त्री भेटला तर चहा पिऊन परत या.

धातूचे भाग

पिस्टन आणि रॉडबद्दल मित्रमंडळींत सर्वांत जास्त बोललं जातं. १८० च्या उद्दिष्टासाठी माझ्या मते ते सर्वांत शेवटी यावं. ओतीव पिस्टन दाब बऱ्यापैकी सोसतो, नॉकिंग सोसत नाही. फोर्ज्ड पिस्टन नॉकिंगचे काही फटके जास्त खातो, पण चुकीचं ट्यूनिंग त्यालाही मारतं. त्यातही २६१८ मिश्रधातूचा पिस्टन जास्त चिवट आणि गरम झाल्यावर जास्त फुगणारा, म्हणून सिलिंडरमध्ये सैल बसवतात आणि थंड इंजिन खडखडतं. रोजच्या गाडीला ४०३२ बरा. इंजिन उघडलंच तर रिंगचा गॅप कंपनीच्या साध्या मापापेक्षा जास्त ठेवायचा. बूस्टवर रिंग जास्त तापते, टोकं एकमेकांना टेकली की ती सिलिंडरला घासून धरते. ७२ मिलिमीटर बोअरला ०.४ मिलिमीटरच्या आसपास येतो, पण पिस्टनच्या डब्यातल्या कागदावरचा आकडा अंतिम. बोअरिंग-होनिंगला टॉर्क प्लेट (हेड आवळल्यासारखा ताण ब्लॉकला देणारी जाड प्लेट) लावणारं वर्कशॉप शोधा. हिंगणा एमआयडीसीकडे लेथची कामं करणारे पुष्कळ आहेत, इंजिन ब्लॉकचं काम जाणणारे मोजके.

प्लग एक पायरी थंड आणि गॅप ०.६-०.७ मिलिमीटर. मॅनिफोल्डचा प्रेशर सेन्सर आपल्या बूस्टपर्यंत मोजू शकतो का ते बघा; त्याचं माप संपलं की ईसीयू आंधळा होतो. क्लच घसरेल, तो बजेटमध्ये धरा. ब्रेक तर आधीच.

खर्चाचा क्रम विचाराल तर इंटरकूलर आणि रेडिएटर, मग पंप-इंजेक्टर-रेग्युलेटर, मग वाइडबँड लॅम्डा (मिश्रण अचूक मोजणारा सेन्सर) आणि ट्यूनिंग, मग टर्बो, आणि गरज पडली तर धातू. लोक नेमकं उलटं करतात, कारण टर्बो बॉनेट उघडून दाखवता येतो आणि रेग्युलेटर दाखवता येत नाही.

कायद्याचं सांगायलाच हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायला पुरेसा ठरू शकतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं हा तर ताकदीचा मार्गच नाही. ट्रॅकसाठी बांधलेली गाडी ट्रेलरवर न्या, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरला ट्रॅक आहेत.

पूर्ण बूस्टची पहिली चाचणी डायनोवरच, म्हणजे गाडी जागेवर रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर. समृद्धी महामार्ग मोकळा दिसतो म्हणून शिवमडक्याहून (महामार्गाच्या नागपूरकडच्या टोकाहून) निघून तिथे बूस्ट तपासणारे आहेत. कारला मर्यादा १२० ची आहे, आणि तापलेल्या काँक्रीटवर टायर फुटण्याचा धोका वेगळाच. डायनोवर लॉगमध्ये चार गोष्टी एकत्र बघा: लॅम्डा, रेलमधला दाब, इंजेक्टरची ड्यूटी, इनटेकचं तापमान. बूस्ट चढताना रेलचा दाब तेवढाच चढतोय का? ड्यूटी हिशेबातल्या ६७ टक्क्यांच्या आसपास आहे का? ती ८५ वर पोचली असेल तर पंप कमी पडतोय, फिल्टर तुंबलाय किंवा इंजेक्टर सांगितलेल्या मापाचे नाहीत. तेव्हा बूस्ट खाली आणून कारण शोधायचं, ईसीयूतले आकडे वाढवून ते झाकायचं नाही. आणि ट्यूनिंग जानेवारीत झालं असेल तर हाच लॉग एप्रिलच्या शेवटी, दुपारी, पुन्हा एकदा काढून घ्या.